अ‍ॅक्रन येथील सभेचा मूळ दिवस: एका तिथीची चिकित्सा

इतिहाससंशोधकाच्या हातीं एखादा कागद आला म्हणजे तो प्रथम तीन गोष्टी पाहतो: कागद कोणाचा, कोठला व केव्हांचा. कर्त्याचें नांव नसलें तर हस्ताक्षरावरून, स्थळ नसलें तर आंतील गांवांच्या उल्लेखांवरून व मिति नसली तर वार, नक्षत्र, ग्रहण यांच्या मेळावरून तो निर्णय करूं पाहतो. परंतु जी मंडळी बुद्ध्याच आपलीं नांवें लिहून ठेवीत नाहीं, जिच्या सभेस हजेरीपट नाहीं, ठरावांचें बुक नाहीं व सभासदांची यादी नाहीं, तिचा इतिहास कोणत्या साधनांनीं लिहावा? मद्याचें व्यसन सोडूं पाहणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणून जी संस्था आहे, तिच्या एका सभेस जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला व तेथून हा प्रश्न आमच्या मागें लागला. विषय या पृष्ठांच्या नेहमींच्या चाकोरींतला नाहीं. तथापि त्यांत एका वादग्रस्त तिथीचा निर्णय, एका हस्तलिखिताचा प्रवास व स्मृति आणि लेख यांच्या बलाबलाचा विचार गुंतलेला असल्यामुळें वाचकांस तो अगदींच परका वाटणार नाहीं.

प्रसंग असा. आमचा एक जुना विद्यार्थी, चाळिशी उलटलेला, संस्कृतांत एके काळीं वर्गांत पहिला, दहाबारा वर्षें मद्याच्या आहारीं गेलेला होता. त्यास आम्हीं अनेकदां घरीं बोलावून उपदेश केला, सुभाषितें म्हणून दाखविलीं. तीं त्यानें मान खालीं घालून ऐकलीं, एकदां तर शार्दूलविक्रीडितांतील आमची एक चूकहि दुरुस्त केली, आणि जिना उतरून तो थेट गुत्त्यावर गेला. शेवटीं एके दिवशीं त्याची पत्नी आली व म्हणाली, "सर, अशा लोकांची एक मीटिंग असते म्हणतात. मी फोनवर विचारलंय. माझ्याबरोबर ते यायचे नाहीत. तुम्ही चला म्हणालात तर येतील."

सभेचा पत्ता मिळविणें हेंच एक संशोधन होतें. एका रुग्णालयाच्या भिंतीवरील चिकटपत्रावरून तिनें टेलिफोनचा क्रमांक उतरून घेतला होता. त्यावर बोलणाऱ्या गृहस्थानें आपलें आडनांव सांगितलें नाहीं व तिचेंहि विचारलें नाहीं. सभा दोन प्रकारच्या असतात, कांहीं केवळ मद्यपींसाठीं, त्या बंद. कांहींस कुटुंबीय व इतर जिज्ञासु यांस मज्जाव नसतो, त्या खुल्या. असें सांगून त्यानें गुरुवारची खुली सभा सुचविली. पुण्यांतील लष्कर भागांत एका चर्चच्या आवारांतली शाळा, सायंकाळीं सात, मागचा जिना, एवढीच टीप. तेथें गेल्यावर फलक नाहीं, बाण नाहीं. आम्ही दोघे दोन दारें चुकलों. रखवालदारानें आमच्याकडे व त्याच्याकडे एकवार पाहिलें आणि म्हटलें, "मीटिंगला ना? वर जा. चहाची किटली दिसेल तिथं."

मद्यपींची सभा म्हटली कीं मराठी वाचकास १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील आर्यमदिरामंडळ आठवावें हें साहजिक आहे, आणि आमच्या मनांतहि तळीरामच होता. प्रत्यक्षांत पांचवीच्या वर्गाचीं बाकें, भिंतीवर पाढ्यांचे तक्ते व चौदापंधरा माणसें, त्यांत दोन स्त्रिया. कांहीं क्षण शांतता. मग छापील कागदावरून संस्थेचें स्वरूप व तिच्या बारा पायऱ्या वाचून दाखविण्यांत आल्या. नंतर एकेकानें बोलावयाचें. बोलणारा आपलें पाळण्यांतलें नांव सांगतो, आपण मद्यपी आहों असें सांगतो, बाकीचे त्यास नांवानें नमस्कार करतात, व तो आपली हकीकत सांगतो. त्यास कोणी उत्तर देत नाहीं, उपाय सुचवीत नाहीं, मध्यें टोकीतहि नाहीं. पस्तीस वर्षें आम्हीं वर्ग चालविला. कोणी मध्यें न बोलतां सबंध तास पार पडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची पाळी आली तेव्हां तो आपलें नांव सांगून "आज आलोय" एवढेंच म्हणाला, व तेवढ्यावरहि सर्वांनीं त्याचे आभार मानले.

वर्गणीचा डबा फिरला तेव्हां आम्हीं त्यांत पन्नासांची नोट टाकली. शेजारच्या गृहस्थानें ती हळूच काढून परत दिली. संस्थेचा खर्च सभासदांनींच सोसावयाचा, बाहेरच्याचा पैसा घ्यावयाचा नाहीं, असा त्यांचा दंडक आहे. अनेक संशोधनसंस्थांचीं अंदाजपत्रकें पाहिलेल्या आम्हांस हा दंडक वाचून ठाऊक असता तरी खरा वाटला नसता.

सभा संपल्यावर संवयीप्रमाणें आम्हीं जुनें दफ्तर पाहण्याची इच्छा दर्शविली. एका वृद्ध सभासदानें कोपऱ्यांतील पत्र्याची पेटी उघडली. तींत कप, बशा, साखरेचा डबा, छापील पुस्तिका व एक चोपडी होती. चोपडींत चहा, दूध व जागेचें भाडें यांचे आंकडे होते. माणसाचें नांव एकहि नव्हतें. आमच्या विद्यार्थ्याच्या हातीं मात्र त्यांनीं एक चिठ्ठी दिली. तीवर सहा टेलिफोन क्रमांक सहा निरनिराळ्या हस्ताक्षरांत होते. त्या सायंकाळचें समकालीन साधन म्हणावें तर तेवढेंच. या चिठ्ठीचें मूळ आम्हांस पुढें सांपडलें. तें सांगावयाचें आहे. एका पुस्तिकेंत संस्थेचा जन्मदिवस म्हणून १० जून १९३५, अ‍ॅक्रन, असें छापलें होतें. तिथि दिसली कीं ती तपासून पाहावी ही आमची खोड. ती आम्हांस पुढें महिनाभर पुरली.

अ‍ॅक्रन हें अमेरिकेच्या ओहायो राज्यांतील, रबराच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध शहर. शनिवार, ११ मे १९३५ रोजीं तेथील मेफ्लॉवर हॉटेलांत विल्यम ग्रिफिथ विल्सन नांवाचा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतला गृहस्थ एकटाच उभा होता. एका यंत्रें बनविणाऱ्या कंपनीच्या ताब्यासाठीं भागधारकांत चाललेल्या झगड्याकरितां तो आला होता व त्यांत त्याची हार झाली होती. त्यास मद्य सोडून बरोबर पांच महिने झाले होते. ११ डिसेंबर १९३४ रोजीं त्यानें शेवटचा घोट घेऊन न्यूयॉर्क येथील टाउन्स रुग्णालयांत प्रवेश केला होता. हॉटेलांत एका अंगास पानगृह, तेथील हसणें ऐकूं येत होतें; दुसऱ्या अंगास टेलिफोन व त्याशेजारीं शहरांतील चर्चांची व धर्मगुरूंची यादी. आपण आतां पिणार हें विल्सनास कळून चुकलें. न पिण्याचा एकच उपाय त्यास ठाऊक होता, तो म्हणजे दुसऱ्या एखाद्या मद्यपीस गांठून त्याच्याशीं बोलणें. त्यानें यादींतील वॉल्टर टंक्स या धर्मगुरूस टेलिफोन केला. त्यानें सुमारें दहा नांवें दिलीं. त्या नांवांवरून शोध घेत घेत विल्सन हेन्रिएटा सायबरलिंग या बाईपर्यंत पोंचला. भिंतीवरच्या यादीपासून निघालेला हा धागा आणि आमच्या विद्यार्थ्याच्या हातांतील चिठ्ठी यांचें कूळ एकच.

या बाईंच्या ओळखीचे डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ हे अ‍ॅक्रनमधील शस्त्रवैद्य होते. त्या दिवशीं त्यांस बोलावणें शक्य नव्हतें. दुसऱ्या दिवशीं येणाऱ्या मातृदिनानिमित्त पत्नीसाठीं फुलझाडाची कुंडी घेऊन ते घरीं आले व स्वतःच बेशुद्ध होऊन पडले. रविवार, १२ मे रोजीं सायंकाळीं पांच वाजतां, पंधरा मिनिटांपेक्षां अधिक थांबणार नाहीं असें बजावून, ते स्टॅन हायवेट या वाड्याच्या देवडीवरील बाईंच्या घरीं आले. निघाले तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. डॉक्टरांस सभेची वाण नव्हती. ऑक्सफर्ड ग्रूप नांवाच्या धार्मिक मंडळींत ते सुमारें अडीच वर्षें जात होते. तेथें त्यांनीं आपलें व्यसन कबूल केलें होतें, मंडळीनें त्यांच्यासाठीं प्रार्थना केली होती, त्यांनीं स्वतः बरेंच वाचनहि केलें होतें. आणि त्या सर्व काळांत ते पीतच होते. त्या सभेंत सज्जन होते, मद्यपी नव्हता. विल्सननेंहि मागील पांच महिने न्यूयॉर्कांत अनेकांस उपदेश करून पाहिला होता व एकहि माणूस सुधारला नव्हता. पण तो स्वतः प्याला नव्हता. टाउन्स रुग्णालयाचे डॉ. सिल्कवर्थ यांनीं त्यास अ‍ॅक्रनला येण्यापूर्वीं सांगितलें होतें कीं, उपदेश सोड, या रोगाची असाध्यता आधीं सांग. देवडीवरील त्या घरीं विल्सननें तसेंच केलें. तो मुख्यतः स्वतःविषयीं बोलला. या व्याधीविषयीं स्वानुभवानें बोलणारा हा पहिलाच माणूस आपणांस भेटला असें डॉक्टरांनीं पुढें लिहून ठेवलें आहे. तें वाचून आमचीं सुभाषितें आम्हांस आठवलीं.

संस्कृतज्ञ वाचकांच्या मनांत येथें धर्मशास्त्रांतील परिषद् येईल. सुरापान हें महापातक, व पातक्यानें विद्वानांच्या परिषदेपुढें जाऊन आपलें कर्म सांगावें, परिषदेनें प्रायश्चित्त सांगावें, अशी व्यवस्था आहे. पाप उघड सांगणें, पश्चात्ताप, तप व अध्ययन यांनीं पातकी मुक्त होतो असें मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत म्हटलें आहे, व अ‍ॅक्रनच्या मंडळीचा क्रम पाहतां साम्य थोडें नाहीं. भेद आहे तो परिषदेच्या घटनेंत. मनूची परिषद् वेदज्ञांची, निष्पाप मानलेल्यांची; गुरुवारच्या त्या वर्गांत सर्वच पातकी, आणि परिषद् म्हणून बसण्याचा अधिकार त्यांस त्या पातकानेंच दिलेला. आपल्या परंपरेंतहि याचें एक पुसट उदाहरण आहे. आदिपर्वांतील कथेंत ब्राह्मणांस सुरापानाची बंदी घालणारे शुक्राचार्य हे स्वतः सुरा पिऊन, तींतून कचाची रक्षा पोटांत गेल्यावर, शुद्धीवर आलेले आहेत. पण त्यांनीं नियम केला, सभा केली नाहीं.

आतां तिथीकडे वळूं. संस्थेचा जन्मदिवस म्हणजे वरील भेटीचा दिवस नव्हे, डॉ. स्मिथ यांनीं ज्या दिवशीं शेवटचें मद्य घेतलें तो दिवस. भेटीनंतर तीन आठवडे ते प्याले नाहींत. मग अमेरिकन वैद्यकपरिषदेच्या वार्षिक अधिवेशनास ते अटलांटिक सिटी येथें गेले व तेथें पुन्हां प्याले. परत आल्यावर विल्सननें त्यांस सांवरलें, शस्त्रक्रियेस जातांना हात कांपूं नयेत म्हणून बिअरची एक बाटली पाजली, व ती शेवटची. हा दिवस १० जून १९३५ होय असें स्वतः डॉक्टरांनीं संस्थेच्या १९३९ सालच्या ग्रंथांतील आपल्या आत्मनिवेदनांत लिहिलें आहे. म्हणजे साक्षी प्रत्यक्ष, साक्ष लेखी, व घटनेनंतर चार वर्षांच्या आंतली. याहून बळकट पुरावा कोणता असावा?

परंतु अमेरिकन वैद्यकपरिषदेचें त्या वर्षींचें अधिवेशन अटलांटिक सिटी येथें १० ते १४ जून या दिवसांत भरलें. हा लेख समकालीन आहे, आणि तो लिहिणारांस डॉक्टरांच्या व्यसनाशीं कर्तव्य नव्हतें. शिवाय डॉक्टरांच्या निवेदनांतच वार आहेत. जातांना आगगाडींत प्यालों तो रविवार. सोमवारीं रात्रीच्या भोजनापर्यंत शुद्धींत होतों, मग पुन्हां प्यालों. मंगळवारीं दुपारीं मुक्काम सोडला. त्यापुढें, आपल्या गांवाजवळ एका स्नेह्याच्या घरीं जाग येईपर्यंत, कांहीं आठवत नाहीं. असा त्यांचा क्रम आहे. आम्हीं वार काढून पाहिले. १० जून १९३५ हा सोमवार होता. अधिवेशनाच्या तारखांशीं जुळविलें तर आगगाडींतला रविवार ९ जूनचा, व १० जून रोजीं डॉक्टर अटलांटिक सिटींतच होते. मंगळवार ११ जूनचा. नंतर प्रवास, बेशुद्धि, घरीं आणणें व दुसऱ्या सकाळची बाटली हीं सर्व धरलीं तर त्यांच्याच निवेदनाप्रमाणें शेवटचा दिवस १३ जूनच्या सुमारास येतो. विल्सनच्या पुढील काळांतील कथनांत बरेच दिवस डॉक्टरांची कांहींच वार्ता नव्हती व परत आल्यावर शुद्धीवर आणण्यास तीन दिवस लागले असें आहे. तें मानलें तर तिथि आणखी पुढें जाऊन १७ जूनच्या जवळ येते, व या विषयाच्या अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. आगगाडींतला रविवार एक आठवडा मागें, २ जूनचा, मानावा तर अधिवेशनच भरलेलें नव्हतें. कोणत्याहि बाजूनें १० जून टिकत नाहीं. ही तिथि अधिवेशनाच्या आरंभाची आहे, आणि ती डॉक्टरांच्या स्मरणांत त्या कारणानें राहिली असावी असा आमचा तर्क आहे.

हा निर्णय लिहून आम्ही समाधानानें पेन ठेवलें होतें. परंतु त्याच सुमारास असें कांहीं घडलें कीं, साक्षीच्या स्मृतीवर आम्हीं जो दोष लावला होता त्याचा पुन्हां विचार करावा लागला.

आमचा विद्यार्थी गुरुवारचा नियम नऊ आठवडे पाळीत होता. खिशांतल्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर त्यानें आपला पहिला मद्यरहित दिवस लिहिला होता. हे लोक ही तिथि वाढदिवसासारखी जपतात. दहाव्या गुरुवारीं तो आला नाहीं. घरींहि नव्हता. चार दिवसांनीं परत आला तेव्हां आपण शेवटचें मंगळवारीं प्यालों, बुधवारीं साताऱ्यास कोठें तरी पडून होतों, असें त्यानें सांगितलें. यांत लपवालपवी नव्हती. तो रडत होता. परंतु त्याच्या पत्नीस धुण्याच्या सदऱ्याच्या खिशांत एस.टी.चें तिकीट सांपडलें. त्यावर गुरुवारची तारीख होती. आणि गाडींत बाटली जवळ होती एवढें तर त्याला पक्कें आठवत होतें. दोन दिवस त्याच्या आयुष्यांतून कोणी कापून न्यावे तसे गेले होते, आणि त्यांचा पुरावा म्हणून हाताच्या बोटाएवढा कागद उरला होता. पुढल्या गुरुवारीं त्यानें सभेंत तें सर्व सांगितलें. सभा संपल्यावर कोणता दिवस धरावा असें त्यानें त्या पेटीवाल्या वृद्धास विचारलें. वृद्धानें तिकीट चष्म्याजवळ नेऊन पाहिलें व म्हटलें, "हे सांगतंय ते धर. दोन दिवस कमी मोजलेस म्हणून काही बिघडत नाही." रोजनिशींतील जुनी तिथि त्यानें एका रेघेनें खोडली व खालीं नवी लिहिली. जुनी वाचतां येईल अशीच रेघ ओढली आहे. आम्ही असे खाडाखोडीचे कागद जन्मभर पाहत आलों, पण हें पान पाहतांना आमच्यानें बोलवेना.

तेव्हां डॉ. स्मिथ यांची चूक ही बेपर्वाईची चूक नव्हे. ज्या दिवसांची तिथि आपण त्यांस विचारतों ते दिवस त्यांच्यापाशीं नव्हतेच. अधिवेशनाचा कार्यक्रम हें त्यांचें एस.टी.चें तिकीट होय. मौजेची गोष्ट ही कीं, नव्या सभासदाची तिथि तिकिटावरून दुरुस्त करणारी ही मंडळी आपल्या संस्थापकाची तिथि मात्र दुरुस्त करूं इच्छीत नाहीं. अ‍ॅक्रन येथें दरसाल १० जूनच्या सुमारास संस्थापकदिनाचा मोठा मेळावा भरतो व हजारों लोक येतात. त्यांस आम्हीं हंसावें असें नाहीं. जेधे शकावली छापली गेल्यापासून शिवजन्मतिथीचा वाद आपण किती वर्षें घातला, व त्या काळांत उत्सव कोणकोणत्या दिवशीं होत राहिले, हें या पृष्ठांच्या वाचकांस सांगणें नको. उत्सवाची तिथि व इतिहासाची तिथि यांचीं खातीं वेगळीं ठेवावीं, एवढेंच आमचें म्हणणें. इतिहासाच्या खात्यांत १० जून लिहूं नये.

पुढचा इतिहास थोडक्यांत देतों. दोघांनीं अ‍ॅक्रन सिटी रुग्णालयांत टेलिफोन करून तेथें कोणी मद्यपी आहे काय असें विचारलें. दोन परिचारिकांस मारहाण केल्यामुळें बांधून ठेवलेला बिल डॉटसन नांवाचा वकील त्यांस मिळाला. २६ जून १९३५ रोजीं तो दाखल झाला व ४ जुलै रोजीं बाहेर पडला, तो तिसरा. म्हणजे आरंभीं माणूस सभा शोधीत नव्हता, सभाच माणूस शोधीत होती. अ‍ॅक्रनचे लोक टी. हेन्री विल्यम्स यांच्या घरीं बुधवारीं ऑक्सफर्ड ग्रूपच्या बैठकींत जमत. न्यूयॉर्ककडचे विल्सनच्या ब्रुकलिनमधील घरीं मंगळवारीं जमत. मे १९३९ मध्यें क्लीव्हलँड येथें स्वतंत्र सभा सुरू झाली व तिनें नव्या ग्रंथाचेंच नांव धारण केलें. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तेथील 'प्लेन डीलर' पत्रांत लेखमाला आली आणि घरगुती बैठकींच्या दारावर अनोळखी माणसें येऊं लागलीं. १ मार्च १९४१ च्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मधील लेखानें तर वर्षअखेर सुमारें दोन हजारांची संख्या आठ हजारांवर नेली. न्यूयॉर्कच्या कचेरींत पत्रांचा ढीग पडे, व प्रत्येक पत्र लिहिणाराच्या गांवाजवळच्या सभासदाकडे धाडलें जाई. सभांचीं वेळापत्रकें निघूं लागलीं तीं या गरजेंतून. आपल्या देशांत ही चळवळ १९५० नंतरच्या दशकांत आली. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' उभें केलें तें याहून निराळ्या स्वरूपाचें, राहून उपचार घेण्याचें केंद्र होय. पण व्यसनमुक्त माणसांनींच नवागताचा हात धरावा हें सूत्र तेथेंहि आहे.

नांवें न लिहिण्याचा दंडक मात्र पहिल्यापासून सिद्धांत म्हणून नव्हता. आरंभीं तो केवळ अब्रूची व नोकरीची काळजी म्हणून आला. सभांच्या बारा परंपरा विल्सननें १९४६ सालीं मांडल्या व १९५० सालीं क्लीव्हलँडच्या अधिवेशनांत त्या मान्य झाल्या. त्यांत वर्तमानपत्रांपुढें नांव न सांगण्याचा नियम आला, व सभासदत्वास मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट ठरली. याच्या उलट उदाहरण जुनें आहे. २ एप्रिल १८४० रोजीं बाल्टिमोरच्या एका गुत्त्यांत सहा मद्यपींनीं वॉशिंग्टनच्या नांवानें एक मंडळ काढलें. तेंहि मद्यपींनींच मद्यपींस सांगण्याच्या तत्त्वावर. त्यांत प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे, सह्यांचे आंकडे लाखांच्या घरांत सांगितले जात, व अब्राहाम लिंकननेंहि १८४२ सालीं त्यांच्यापुढें भाषण केलें. थोड्याच वर्षांत तें मंडळ राजकारण, मद्यबंदीचा वाद व प्रसिद्ध वक्त्यांचीं नांवें यांत विरून गेलें. संग्राहकांच्या दृष्टीनें पाहतां त्या मंडळाचीं सुंदर प्रतिज्ञापत्रें आज उपलब्ध आहेत. मंडळ नाहीं.

अ‍ॅक्रनवाल्यांचें एकच हस्तलिखित असें आहे कीं ज्याच्यासाठीं संग्राहकांनीं झुंबड करावी. १९३९ च्या ग्रंथाचा मसुदा छापण्यापूर्वीं त्याच्या सुमारें चारशें प्रति चक्रमुद्रित करून अभिप्रायासाठीं वांटण्यांत आल्या व आलेल्या सूचना एका प्रतीवर उतरविण्यांत आल्या. या प्रतीवर निरनिराळीं हस्ताक्षरें व रंगीत पेन्सिलीच्या खुणा आहेत. वाचकास "तूं हें कर" असें सांगणारीं वाक्यें खोडून "आम्हीं हें केलें" अशीं जीं केलेलीं आहेत, तीं आम्हांस सर्वांत महत्त्वाचीं वाटतात. ही प्रति २००४ सालीं सदबीच्या लिलावांत १५ लाख ७६ हजार डॉलरांस गेली. २०१० सालीं तिची छायाप्रति छापली गेली, म्हणून अभ्यासकांची सोय झाली. २०१७ सालीं संस्थेच्या प्रकाशनमंडळानें मालकीचा दावा लावला, तो पुढें मागें घेतला, व २०१८ सालीं तीच प्रति २४ लाख डॉलरांस विकली गेली. पन्नासांची नोट परत करणाऱ्या मंडळीचा कागद असा लिलावांत फिरावा, यावर आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांचें मत विचारलें. ते म्हणाले, "पुस्तक आमच्या पेटीत आहे ना, दोन प्रती. तुम्हांला पाहिजे तर न्या एक."

'आम्ही'विषयीं आणखी एक वाक्य लिहिण्याचा मोह होतो. मराठींत आम्ही व आपण हीं दोन निराळीं सर्वनामें आहेत. एकांत ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यांत घेतला जातो. गुरुवारच्या सभेंत वक्ते 'मी'नें आरंभ करीत व पांचसात वाक्यांनंतर नकळत 'आपण'वर येत. 'आम्ही' एकानेंहि वापरलें नाहीं. तें त्या खोलींत आमच्यापुरतेंच होतें.

शेवटीं एक विनंति. आपल्याकडील दफ्तरांत मद्याचे कागद विपुल आहेत. भट्टीचे मक्ते, आबकारीच्या कराचे हिशेब, १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याखालील पत्रव्यवहार, १९०८ सालच्या पुण्यांतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीचीं पत्रकें, १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे खटले हे सर्व कागद विकणाराचे, रोखणाराचे किंवा दंड करणाराचे आहेत. मद्य सोडणाराचा कागद आम्हांस त्यांत अद्याप आढळला नाहीं. ज्या वाचकांपाशीं मुंबई, पुणें, नागपूर, गोवें किंवा अन्यत्र भरणाऱ्या अशा सभांचीं जुनीं वेळापत्रकें, हस्तपत्रकें, मराठी भाषांतरांचे कच्चे खर्डे अथवा जमाखर्चाच्या चोपड्या असतील, त्यांनीं त्यांच्या नकला संपादकांकडे पाठवाव्या. कागदावर कोणाचें नांव असल्यास तें नकलेंत झांकावें. तारीख व वार मात्र असतील तसे, खाडाखोडीसुद्धां, उतरून पाठवावे.